स्वस्त माती, मस्त लिंबू!

बाल्कनीत लिंबू, पेरू, अंजीर लावायची हौस तर आहे, पण रेडिमेड पॉटिंग मिक्सचा भाव बघून हात आखडता घेताय? थोडा घाम आणि एक हातोडा, एवढ्यात काम भागतं. फळझाडांसाठी घरच्या घरी, बजेटमध्ये बसणारी आणि मुख्य म्हणजे टिकणारी माती कशी बनवायची, त्याचा हा फंडा.

सीन ओळखीचा वाटतो का बघा. शनिवारची सकाळ, आठवडाभराच्या डेडलाइन्स संपलेल्या, आणि तुम्ही नर्सरीत. समोर एका काळ्या पिशवीत जेमतेम दोन फुटांचं लिंबाचं झाड आणि त्याला चक्क चार लिंबं लटकलेली! प्रेमात पडायला आणखी काय हवं? झाड गाडीत येतं. सोबत छानशी कुंडी येते. मातीची वेळ आली की नर्सरीवाले काका एका गोणीकडे बोट दाखवतात, ‘घ्या, सगळं मिक्स आहे यात’. पहिले दोन महिने नवी पानं, मोबाइलवर फोटो, ऑफिसात कौतुक. मग पावसाळा येतो. पानं पिवळी पडायला लागतात. खत घातलं जातं, पाणी वाढवलं जातं, औषध फवारलं जातं. दिवाळीपर्यंत उरतात काड्या. आणि आपण म्हणतो, ‘आमच्या हातालाच झाड लागत नाही बुवा.’

हाताचा यात काही दोष नसतो. दहापैकी बऱ्याच वेळा दोष असतो तो कुंडीच्या आत, जिथे आपण कधी बघतच नाही. मुळं पाण्यात बुडून गुदमरलेली असतात. मेथी, कोथिंबीर किंवा झेंडू यांचा खेळ दोन-तीन महिन्यांचा. माती जरा इकडे-तिकडे असली तरी निभावून जातं. फळझाड मात्र त्याच मातीत दोन-तीन वर्षं मुक्काम ठोकणार असतं. तेवढा काळ माती भुसभुशीत राहायला हवी. फळझाडाच्या मातीची खरी परीक्षा हीच, आणि ती पास व्हायला महागडी पिशवी लागत नाही.

किलोत घेता, लिटरमध्ये भरता

आधी पैशांचं बोलू. पॉटिंग मिक्सची पिशवी बहुतेक वेळा किलोवर विकली जाते. कुंडी मात्र भरते लिटरवर! इथेच गिऱ्हाईक गंडतं. पिशवीतला माल ओला असेल किंवा त्यात साधी माती जास्त असेल तर वजन भरपूर आणि कुंडी अर्धीच. म्हणून कुठलाही माल घेताना एकच प्रश्न विचारायचा, ‘लिटर किती भरेल?’

फळझाडासाठी १५ इंच व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची ग्रो बॅग ही बरी सुरुवात. तिच्यात काठोकाठ सुमारे ४३ लिटर माल मावतो. पाण्यासाठी वर थोडी जागा सोडली तर चाळीस लिटर. बारा बाय बाराची बॅग दिसायला फार लहान वाटत नाही, पण तिच्यात बावीस लिटरच बसतात. म्हणजे जवळपास निम्मे!

आता समजा, पाच किलोची तयार पिशवी दोनशे रुपयांना मिळाली आणि कुंडीत ओतल्यावर दहा लिटर भरली. लिटरला पडले वीस रुपये. एका झाडाला आठशे. लिंबू, पेरू आणि अंजीर असे तिघं आणायचे म्हटले तर नुसत्या मातीचे चोवीसशे. झाडापेक्षा मातीच महाग! हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या भागातला भाव टाकून हेच गणित करून बघा. तयार पिशवी वाईटच असते असं नाही. एखाद-दुसऱ्या मनी प्लांटला ती छान. पण तीन फळझाडं म्हणजे सव्वाशे लिटर माती, आणि तिथे घरची रेसिपीच परवडते.

सांगाडा, स्पंज आणि डबा

शेतात माती खोल असते, गांडुळं तिची मशागत करतात, जादाचं पाणी खाली झिरपून जातं. कुंडीला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून बागेतली माती उचलून कुंडीत भरली की ती दाबत दाबत घट्ट होते. त्यातही आपली देशावरची काळी माती. शेतात सोनं, कुंडीत मात्र डोकेदुखी! तिच्यातली चिकण भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. तीन पावसांत कुंडीतली वीट तयार.

कुंडीतल्या मातीला तीन कामं करायची असतात, असं सोपं धरून चालू.

पहिलं काम सांगाड्याचं. न कुजणारे किंवा फार सावकाश कुजणारे जाड कण, जे एकमेकांना टेकून राहतात आणि मधे हवेच्या जागा ठेवतात. मुळांनाही श्वास घ्यायचा असतो, हे आपण साफ विसरतो. हा सांगाडाच फळझाडाची माती वर्षानुवर्षं बसू देत नाही.

दुसरं काम स्पंजचं. पाणी धरून ठेवणारं काहीतरी. सकाळी आठला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाच्या बाल्कनीत, मे महिन्यात, याची किंमत कळते.

तिसरं काम डब्याचं. म्हणजे जेवणाचं. कंपोस्ट, शेणखत, पेंड.

बहुतेकांच्या कुंडीत डबा भरपूर, स्पंज बऱ्यापैकी आणि सांगाडा शून्य असतो. ‘भरपूर खत घातलंय हो’ हे अभिमानानं सांगितलं जातं. पण निव्वळ खतात लावलेलं झाड वर्षभरात खाली खाली जायला लागतं, कारण खत कुजत जातं आणि माती चार-पाच इंच खचते. उरतो तो चिखल.

शॉपिंग लिस्ट (बरीचशी फुकट!)

*लाल माती.* नर्सरीत गोणीनं मिळते. कोकणातली जांभ्याची लाल माती थोडी आम्लधर्मी असते आणि लिंबाच्या घराण्याला ती मानवते. काळ्या मातीत चुना जास्त. तिच्यात लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसू शकतं. झाडाला लोह मिळत नसल्याची ती खूण. माती घेताना मूठभर ओली करून वळून बघा. तिची लांब, न तुटणारी वळकटी झाली तर चिकण जास्त आहे, दुसरी बघा.

*कोकोपीट.* नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतल्यावर उरणारा भुसा म्हणजे कोकोपीट. केरळ-तमिळनाडूतून येणाऱ्या याच्या विटा आता गल्लोगल्ली मिळतात. छोट्या विटेच्या वाटेला जाऊ नका. पाच किलोचा ठोकळा घ्या. पाण्यात फुगून तो साधारण साठ ते सत्तर लिटर होतो. म्हणजे ठोकळा अडीचशेला पडला तरी लिटरला चार रुपये! एक गोष्ट मात्र विसरायची नाही. कोकोपीटमध्ये खार असतो. रात्रभर भिजवा, जुन्या उशीच्या खोळीत भरून निथळा, आणि हे दोन-तीनदा करा. पहिलं पाणी चहासारखं निघतं. ते फिकं झालं की काम झालं.

*विटांचे तुकडे.* हा आपला सांगाडा. परलाइट नावाचे पांढरे हलके दाणे हेच काम झकास करतात, पण त्यांचा भाव ऐकून परत घरी यावंसं वाटतं. त्याऐवजी भाजलेली लाल वीट, फुटक्या मातीच्या कुंड्या, जुन्या घराची मंगळुरी कौलं. तंदूर चहाचे कुल्हडसुद्धा चालतात, धुऊन घ्या म्हणजे झालं. हे सगळं गोणपाटात गुंडाळायचं आणि हातोड्यानं ठोकायचं. बॉसवरचा राग काढायला यापेक्षा स्वस्त थेरपी नाही! तुकडे तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे हवेत. मग चाळून भुकटी बाजूला काढा, कारण तीच भुकटी हवेच्या जागा बुजवते. हल्ली साइटवर करड्या रंगाचे सिमेंटचे आणि फ्लाय अ‍ॅशचे ब्लॉक जास्त दिसतात. ते नकोत आणि प्लास्टर चिकटलेल्या विटाही नकोत. त्यांच्यातला चुना मातीत उतरतो.

*भाताचं तूस.* मावळ, मुळशी, भोर किंवा मुंबईकरांसाठी कर्जत, वाडा. ट्रेकवरून येताना वाटेत भातगिरणी दिसली की थांबा. तूस वजनाला हलकं असतं आणि त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे लवकर कुजत नाही. आणल्यावर दोन दिवस भिजवून निथळून घ्या, म्हणजे राहिलेल्या दाण्यांवर उंदरांचा डोळा राहणार नाही.

*कंपोस्ट.* घरचं असेल तर उत्तमच. ओल्या कचऱ्याच्या एका भागाला सुका पालापाचोळा दोन भाग, असं भरत गेलं आणि अधूनमधून हलवलं की दोन-तीन महिन्यांत तयार. काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या वासाचं झालं तरच ते तयार समजायचं. वास मारत असेल तर अजून थांबा. घरी जमत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा. कित्येक सोसायट्यांत खतखड्डा आहे, खत तयार होतं आणि नेणारं कोणी नसल्यानं तिथेच पडून राहतं. तुम्ही दोन बादल्या नेल्या तर आशीर्वादच मिळतील.

*निंबोळी पेंड.* मूठ-दोन मुठी पुरतात. सावकाश लागू पडणारं खत आणि मातीतल्या किडींना आळा, अशी डबल ड्यूटी.

रेसिपी : एक झाड, पाच बादल्या

दहा लिटरची बादली हे आपलं माप. एका १५ इंची बॅगसाठी :

लाल माती – १ बादली
धुतलेलं कोकोपीट – दीड बादली
चाळलेलं कंपोस्ट – १ बादली
विटांचे तुकडे – १ बादली
भाताचं तूस – अर्धी बादली
निंबोळी पेंड – पाव किलो

बेरीज पन्नास लिटर झाली ना? पण मिसळल्यावर पन्नास भरणार नाही. बारीक माल जाड मालाच्या फटींत शिरतो आणि हाती त्रेचाळीसच्या आसपास येतं. म्हणजे आपल्या बॅगेइतकंच.

गच्चीवर किंवा बाल्कनीत जुनी ताडपत्री अंथरा, सगळं ओता आणि फावड्यानं तीनदा इकडून तिकडे करा. हलकं पाणी शिंपडा. लगेच झाड लावायची घाई नको. ओलसर ढीग गोणपाटानं झाकून दहा-पंधरा दिवस ठेवा. पेंड मुरते, थोडी गरम होते आणि निवते. ताज्या पेंडीत मुळं भाजू शकतात.

खर्च? पुन्हा समजून चालू. कोकोपीटचे साठ, लाल मातीचे पस्तीस, पेंडीचे पंधरा. कंपोस्ट घरचं असेल तर एकशे दहा रुपयांत बॅग भरली. गांडूळ खत विकत आणलं तर आणखी शंभर धरा. तरीही आठशेच्या पावपटीच्या आसपास!

तूस मिळालंच नाही तर? विटांचे तुकडे दीड बादली करा, बॅग जरा जड होईल. विटा मिळाल्या नाहीत तर जाडी, धुतलेली वाळू चालेल. प्रमाणात थोडं मागे-पुढे झालं तरी बिघडत नाही. दोन गोष्टी पाळा. सांगाडा पाचपैकी दीड बादलीच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि कंपोस्ट दीडच्या वर.

बाटलीची टेस्ट

माती जमली की नाही, हे झाड मरायची वाट न बघताही कळतं. एक लिटरपेक्षा मोठी कोल्ड्रिंकची बाटली घ्या. वरचं तोंड कापा, तळाला चार-पाच भोकं पाडा आणि त्यांवर चिकटपट्टी लावा. लिटरभर पाणी ओतून पातळी कुठे येते तिथे खूण करून घ्या. पाणी काढा, खुणेपर्यंत आपली माती भरा आणि हळूहळू पाणी घाला. माती पुरती भिजून वर पाण्याची चकाकी दिसली की थांबा. आता खाली मोजपात्र धरून पट्टी काढा. जेवढं पाणी गळून येईल तेवढी हवा आता मातीत शिरली!

दीडशे ते दोनशे मिलीलिटर आलं तर फर्स्ट क्लास. शंभरच्या खाली असेल तर माती घट्ट आहे, आणखी विटांचे तुकडे घाला. तीनशेच्या वर गेलं तर माती फार उघडी आहे, दुपारपर्यंत झाड मान टाकेल. मग कोकोपीट वाढवा.

बाटली शोधायचाही कंटाळा आलाय? ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर विस्कटला पाहिजे. लाडू वळला गेला तर गडबड आहे.

तळाला खडे? थांबा जरा!

आपल्या आजीपासून सगळ्यांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे, कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा थर द्यावा, पाणी छान निचरतं. ऐकायला पटतं, पण प्रत्यक्षात उलटं होतं. पाणी बारीक मातीतून एकदम जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून बसतं. ओला स्पंज पिळल्याशिवाय खालच्या टोकाशी गच्च राहतो, तसाच प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक गच्च ओला पट्टा असतोच. खड्यांचा थर दिला की तो पट्टा जात नाही, नुसता वर सरकतो, थेट मुळांच्या गावात! शिवाय दोन-तीन इंच मातीची जागा फुकट जाते.

मग काय करायचं? भोकांवर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाणार नाही. खड्यांची जागा तळाला नाही, सगळ्या मातीत मिसळून. आणि उंच कुंडी घ्या. ओला पट्टा तेवढाच राहतो आणि वर मोकळी माती जास्त मिळते.

बाल्कनीला विचारलंत का?

ओली साधी माती लिटरला दीड-पावणेदोन किलोपर्यंत भरते. म्हणजे चाळीस लिटरची बॅग जवळपास सत्तर किलो, एक धडधाकट माणूसच! आपलं मिश्रण ढोबळमानानं पन्नास-पंचावन्नात बसतं. आयएस ८७५ या भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे तीनशे किलोचा भार धरला जातो, आणि त्यात माणसं, खुर्च्या, वॉशिंग मशीन सगळं आलं. त्यामुळे चार-पाच बॅगा एका कोपऱ्यात, त्याही बाहेरच्या कठड्याला चिकटून नकोत. भिंतीच्या बाजूला आणि अंतर ठेवून ठेवा. कठड्यावर किंवा ग्रिलमध्ये फळझाडाची कुंडी मुळीच नको. बिल्डिंग जुनी असेल तर आधी इंजिनीअरला विचारा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘गळतंय’चा मुद्दा निघण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ही आयडिया आजची नाही

फुकटच्या मालातून माती बनवायची ही आयडिया आपल्याकडे बरीच मुरलेली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे पेशानं गणिताचे शिक्षक. ‘प्रयोग परिवार’मधून त्यांनी कितीतरी शेतकऱ्यांना आणि शहरी माणसांना घरच्या पालापाचोळ्यातून जिवंत माती बनवायचा नाद लावला. पाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्यापासून बनणारी ‘अमृत माती’ आज गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या तोंडी असते, तिचं मूळ याच विचारात आहे.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर प्लास्टिकच्या पिशव्यांत फळं-भाज्या पिकवल्या. त्यांचा हुकमाचा एक्का होता उसाचा चोथा! कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला तो टाकायचाच असतो. तुम्हीही मागू शकता. फक्त ताजा चोथा मोठ्या प्रमाणात फळझाडाच्या मातीत कालवू नका. तो कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतो आणि झाड उपाशी राहतं. आधी कंपोस्टच्या ड्रममध्ये कुजू द्या, मग वापरा.

तिसरं उदाहरण तर खास ऑफिसवाल्यांसाठी. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास किचनच्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं, या प्रश्नातून तिथल्या गच्चीवरच बाग सुरू केली. आणि गोदीच्या गच्चीवर भाज्यांच्या जोडीला फळझाडंही वाढली. कँटीनचा कचरा, ड्रम आणि पाचोळा, भांडवल एवढंच.

पाचोळ्यावरून आठवलं. पुण्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमानं पाचोळा नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून दिली. जाळून धूर करण्यापेक्षा पोत्यात भरून द्यायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर तो पडलेला असतो तेव्हा दोन पोती भरून ठेवा. वर्षभराच्या कंपोस्टची आणि उन्हाळ्यात कुंडीवर घालायच्या आच्छादनाची सोय होते.

कुठलं झाड घेऊ?

पहिलं झाड लिंबूच घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ चांगली. डाळिंबात ‘भगवा’. अंजीर तर पुणेकरांचं शेजारीच, पुरंदरचं. ते फांदीपासून सहज लागतं आणि कुंडीत खुशीत राहतं. पेरूत ‘सरदार’ म्हणजेच एल-४९ मागा. नावात लखनौ असलं तरी ही जात निवडली गेली ती आपल्या गणेशखिंडच्या फळबागेत, १९२७ साली! आंब्याचा हट्टच असेल तर ‘आम्रपाली’, कारण तिची चण लहान. चिकू हळू वाढतो, पण कलमाला कुंडीतही फळं धरतात.

पेरू आणि आंब्याचं बियांचं रोप नको, कलमच घ्या. बियांचं झाड फळ द्यायला वर्षानुवर्षं लावतं आणि तोपर्यंत तुमची कंपनी दोनदा बदललेली असते. आणि हो, दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच. ऊन नसेल तर माती कितीही फर्स्ट क्लास असो, पानांवरच समाधान मानावं लागेल.

लावल्यानंतर

नर्सरीच्या पिशवीतला गोळा बहुधा चिकणमातीचा असतो. तो तसाच बसवला तर आपल्या मोकळ्या मातीत तो वेगळाच राहतो आणि पाणी त्याला वळसा घालून जातं. बाहेरची माती हलक्या हातानं सैल करा आणि मग लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. बॅग दोन विटांवर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात भोकं बंद होत नाहीत. खाली ताटली नको. झाड बुडतं आणि डासांची सोय होते.

पाणी रोज सवयीनं घालू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. दर महिन्याला दोन मुठी कंपोस्ट द्या, कारण पाण्याबरोबर अन्नही वाहून जातं. पहिल्या वर्षीची फळं मन घट्ट करून लहानपणीच खुडा. आधी मुळं, मग लिंबं! दर जूनमध्ये वरची दोन-तीन इंच माती काढून नवी घाला. दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून कडेची मुळं थोडी छाटा, सांगाडा चाळून परत वापरा आणि कोकोपीट-कंपोस्ट नवं घाला. विटांचे तुकडे कुजत नाहीत, म्हणजे पुढच्या वेळी तेवढी मेहनत वाचली.

हे टाळा

– समुद्राची वाळू : मिठामुळे झाडाचा खेळ खल्लास.
– बारीक वाळू किंवा दगडाची भुकटी : चिकणमातीत मिसळली की सिमेंटसारखी बसते.
– ताजं शेण : मुळं भाजतात. शेणखत जुनं, वास नसलेलंच हवं.
– दूध-साखरेची चहापावडर थेट कुंडीत : मुंग्यांना पार्टी. आधी धुवा, मग कंपोस्टमध्ये टाका.
– ‘जास्त खत म्हणजे जास्त फळं’ : फक्त पानं वाढतात आणि माती खचते.

आपल्यातले बहुतेक जण भाड्यानं राहतात किंवा ईएमआयच्या विसाव्या वर्षाकडे डोळे लावून बसलेले असतात. सातबाऱ्यावर नाव लागायचं तेव्हा लागेल. ही चाळीस लिटर माती मात्र आजच आपली असते. घर बदललं की टेम्पोत बसून सोबत येते आणि नव्या बाल्कनीत पुन्हा लिंबं देते. ती स्वतःच्या हातानं कालवलेली असेल तर झाड पिवळं पडल्यावर कुठे बघायचं, हेही आपल्याला ठाऊक असतं.

तर मग, या शनिवारी नर्सरीत झाडाआधी लाल माती आणि कोकोपीट बघा. विटा तर कोपऱ्यावर पडल्याच आहेत. पंधरा दिवस माती मुरू द्या आणि त्याच्या पुढच्या शनिवारी लिंबू आणा. ऑल द बेस्ट!